गाईड विकायचं की गिऱ्हाईक टिकवायचं?



परवा एका ताईंचा फोन आला. तालुक्याच्या गावात कॉलेजसमोर त्यांचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणाल्या, "सर, एम.कॉम.ची पोरं नेट-सेटची गाईडं मागतात. एक विक्रेता भरपूर कमिशन देतोय. घेऊ का पन्नास प्रती?"

मी म्हटलं, "ताई, कमिशनचं नंतर बघू. सेटचा सिलॅबस एकदा तरी उघडून पाहिलाय का?" पलीकडे शांतता.

माझं मत स्पष्ट आहे. गाईड हा वहीसारखा माल नाही. वही खराब निघाली तर गिऱ्हाईक बदलून मागतं. गाईड जुनं निघालं तर पोराची एक संधी वाया जाते, आणि ते कुणाच्या दुकानातून घेतलं हे तो वर्गभर सांगतो.

माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने असाच स्टॉक भरला होता. जुलै २०१८ च्या परीक्षेपासून नेटचा तिसरा पेपर बंद झाला, दोनच पेपर राहिले. २०१९ मध्ये सिलॅबसही बदलला. त्याची तीन पेपरवाली गाईडं शेवटी रद्दीच्या भावाने गेली. नफा कमिशनमध्ये दिसत होता, पण तोटा कपाटात बसला होता!

मग गाईड निवडायचं कसं? माझा क्रम असा: आधी सिलॅबस, मग जुने पेपर, सगळ्यात शेवटी गाईड.

सिलॅबस फुकट मिळतो. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सिलॅबस आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या सेटच्या वेबसाइटवर आहेत. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॉमर्सच्या सिलॅबसमध्ये दहा घटक आहेत. गाईडची अनुक्रमणिका त्याच्याशेजारी ठेवा. दहाच्या दहा घटक सापडतात का? की पाच घटकांवर चारशे पानं आणि बाकीचे दोन-दोन पानांत उरकलेत?

दुसरी चाचणी तारखेची. मुखपृष्ठावरच्या "नवीन आवृत्ती"वर जाऊ नका, आत बघा. ग्राहक संरक्षण कायदा शोधा. तिथे १९८६ चाच कायदा लागू असल्यासारखा शिकवला असेल, तर पुस्तक खाली ठेवा. २०१९ चा कायदा आला, जुना गेला. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे. गाईडात अजून व्हॅट आणि सेवाकराचीच प्रकरणं असतील तर फक्त मुखपृष्ठ बदललंय समजा. कराची पानं सगळ्यात लवकर शिळी होतात, म्हणून तीच आधी तपासा.

तिसरी चाचणी उत्तरांची. जुन्या पेपरमधले पाच प्रश्न घ्या आणि गाईडमध्ये शोधा. उत्तर का बरोबर आहे हे समजावलंय, की नुसतं "उत्तर: क" लिहून सोडलंय? कारण दिलेलं नसेल, तर प्रश्न थोडा फिरवून आला की पोरगं अडकणार.

काही जण म्हणतील, "सर, आम्ही दुकानदार, एवढं कुठे बघत बसू?" बरोबर आहे, सगळे विषय तुम्हाला जमणार नाहीत. मग जवळच्या कॉलेजातल्या, नुकत्याच सेट पास झालेल्या एखाद्याला चहाला बोलवा, अर्धा तास चाळायला द्या. आणि पन्नास नको, पाच प्रती घ्या. न विकलेला माल परत घेणार का, हे कमिशनच्या आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

शिवाय झेरॉक्स मशीन तुमच्याकडे आहेच. पोराला सांगा, "आधी विद्यापीठाचे जुने पेपर डाउनलोड करून आण, प्रिंट काढून देते. ते सोडव, कुठे अडतोस ते बघ, मग गाईड घे." त्या दिवशी गाईड विकलं जाणार नाही, मान्य. पण तो पोरगा पुढच्या खेपेला मित्राला घेऊन येईल. माझ्या मते छोट्या गावात धंदा टिकतो तो अशा सल्ल्यावर.

आजचं काम: तुमच्या दुकानातलं एक गाईड उचला आणि या तीन चाचण्या लावा. नापास झालं तर ते विकू नका, कितीही कमिशन असो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण डोळे उघडे ठेवून!