डिजिटलवर चेहरा तुमचा, मग परवानगीचा नंबर कुठाय?

मंडळी, आपल्याकडं 'डिजिटल' म्हटलं की कुणाला कॉम्प्युटर आठवत नाही. डिजिटल म्हणजे फ्लेक्स. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, अण्णांची पुण्यतिथी. बांबूची नाहीतर लाकडाची चौकट, चार खिळे, थोडी सुतळी आणि रात्रीतून चौकात उभं. सकाळी शाळेत जाणारी पोरं त्याच्या खालून जातात.

पोस्ट लांब आहे. अर्धी वाचून 'कुणाच्या विरोधात लिहिलंय?' असा फोन करू नका. सगळ्यांच्या विरोधात आहे, माझ्यासकट.

माझ्यापासूनच सुरू करतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला मित्रांनी चौकात डिजिटल लावलं. 'निर्भीड पत्रकार' वगैरे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फोटो काढून स्टेटसला ठेवला. परवानगी घेतली का, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं एक बाजू सुटली आणि चौकट एका भाजीवाल्या मावशीच्या पाटीवर आली. पाटीवर आली, डोक्यावर नाही, एवढंच नशीब. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या दादा, वारंच लई सुटलं." मी भाजीचे पैसे दिले. पण त्या 'निर्भीड' माणसानं त्याची एका ओळीची बातमी केली नाही.

वाऱ्यावर ढकलायची सवय आपल्या एकट्याची नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जण गेले. वारा होताच. पण महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट आणि होर्डिंग १२० बाय १२० फूट, हे काही वाऱ्यानं केलेलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी १७ एप्रिलला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला वादळी पावसात आडोशाला थांबलेल्या माणसांवर होर्डिंग पडलं, पाच जण गेले. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या लोकांवर आला, चार जण गेले.

आता कुणी म्हणेल, "ती लोखंडी होर्डिंग होती, आपलं तर नुसतं कापड आहे." मग चेन्नईचं ऐका. १२ सप्टेंबर २०१९. एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाचा बेकायदा बॅनर स्कूटीवरून चाललेल्या २३ वर्षांच्या इंजिनिअर मुलीच्या अंगावर पडला. तिचा तोल गेला आणि मागून टँकर आला. तेही कापडच होतं.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा १९९५ सालचा आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरात लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार! मिरवणुकीच्या एका डीजेपुढं ही रक्कम म्हणजे चहापाणी. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर ३१ जानेवारी २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेश दिले. राजकीय पक्षांनी कोर्टात लेखी हमी दिली की आमचे कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत. ती हमी कुठं गेली, हे बघायला मुंबईला जायची गरज नाही. चौकात उभं राहा आणि वर बघा.

मला सगळ्यात जास्त लागतं ते नाथषष्ठीला. राज्यभरातून दिंड्या चालत येतात. स्वागताला डिजिटल. त्यावर नाथ महाराज कोपऱ्यात टिकलीएवढे, स्वागतोत्सुक मात्र माणूसभर उंच. पायात फोड आलेला वारकरी वळणावर रस्ता शोधतोय आणि गावाचं नाव सांगणारा सरकारी बाण आपल्या एखाद्या युवा नेत्याच्या फेट्यामागं गेलाय. हे स्वागत आहे का?

आणि फ्लेक्सचं निस्तरेपर्यंत एलईडीचे हलते पडदे दाराशी आलेत. शहरात आलेच आहेत, आपल्याकडं यायला किती वेळ लागणार? अंधाऱ्या रस्त्यावर तसला पडदा एकदम पांढरा झाला की मोटारसायकलवाल्याला समोरचा ऊसाचा ट्रॅक्टर दिसत नाही. मुंबई महापालिकेनं घाटकोपरनंतर नवं धोरण केलं, त्यात डिजिटल फलकाच्या प्रकाशाला ३:१ ची मर्यादा घातली आणि लुकलुकणाऱ्या जाहिराती बंद केल्या. १७ माणसं गेल्यावर केलं. आपण एक तरी नियम माणूस जायच्या आधी करू शकतो का?

म्हणून चार साध्या मागण्या.

१. प्रत्येक डिजिटलवर परवानगीचा नंबर, मुदत आणि छापणाऱ्याचं नाव. निवडणुकीच्या साध्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं बंधनकारक आहे. मग वाढदिवसाला काय अडचण?

२. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय छपाई नाही. फ्लेक्सवाले आपलीच पोरं आहेत, कर्ज काढून मशीन घेतलंय, त्यांचं पोट मारायचं नाही. पण आज त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. नियम सगळ्यांना सारखा लागला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पळणार नाही.

३. वळण, सिग्नल, दिशादर्शक आणि विजेचा खांब, इथं कुणाचंच नाही. सत्ताधाऱ्याचं नाही, विरोधकाचं नाही, महाराजांचं नाव पुढं करून आपला चेहरा लावणाऱ्याचं तर नाहीच.

४. एलईडी पडद्याला परवानगी देण्याआधी जागा, उजेड आणि रात्री बंद करायची वेळ कागदावर ठरवा. पडदा बसल्यावर मालक कोर्टात जातो आणि आपण तारखा मोजतो.

"एवढ्यातेवढ्याला परवानगी कुठं मागत बसायचं?" असं कार्यकर्ते म्हणतील. अरे बाबांनो, छोट्या दुकानदाराला साधी पाटी लावायची तरी तो दहा जणांना विचारतो, आणि रस्त्यात गाडा लावणारा तर गाडी येताना दिसली तरी दचकतो. नियमाची भीती फक्त त्यांनाच का? ज्यांना उद्या नियम करणाऱ्यांच्या खुर्चीत बसायचंय, त्यांनी सुरुवात एका अर्जापासून केली तर काय बिघडलं?

कार्यक्रम झाला की तेच डिजिटल गोठ्यावर नाहीतर सोयाबीनच्या गंजीवर जातं. खरं सांगू, त्याचा खरा उपयोग तिथंच होतो. शेतकऱ्याचं पीक तरी झाकतं, रस्ता झाकत नाही.

माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढं माझं डिजिटल लावलं तर मीच शिडी घेऊन काढणार. आणि कुणाच्या वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात माझ्याकडं आली, तर पैसे घ्यायच्या आधी विचारणार, 'चौकातल्या फलकाचा परवाना दाखवा.' धंदा थोडा बसेल. बसू द्या.

उद्या सकाळी कामाला जाताना तुमच्या रस्त्यावरचं एक डिजिटल नीट बघा. चेहरे मोजू नका, नंबर शोधा. नाही सापडला तर ज्याचा फोटो आहे त्याला भेटा आणि नमस्कार करून विचारा. शिवी नको, भांडण नको. फक्त विचारा, 'भाऊ, परवानगीचा नंबर कुठाय?'