भिंतीवरचा दुसरा कागद

रमजानमध्ये बहुतेक मुस्लिम घरांत भिंतीवर किंवा फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. सहेरी कधी संपते, इफ्तार कधी, याचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक. माझे म्हणणे असे, की त्याच्या शेजारी रोज दुसरा कागद लागावा. हाताने लिहिलेला, उद्याच्या कामांचा.

या महिन्यात कामे कमी होत नाहीत. पहाटे सहेरी, मग मुलांचे डबे, नोकरी-दुकान, दुपारनंतर इफ्तारची तयारी, रात्री इशानंतर तरावीह. झोप दोन तुकड्यांत. त्यात शिंप्याकडचे कपडे, जकातीचा हिशेब. सगळे डोक्यात ठेवले, की नमाजला उभे राहिल्यावरही ‘चणे भिजवले का?’ हेच आठवते. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की अपुरे काम कधी, कसे करायचे हे ठरवले तरी त्याची टोचणी कमी होते. काम संपेपर्यंत थांबावे लागत नाही.

लिहून ठेवणे आम्हाला परके नाही. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. स्मरणशक्तीवर भार नको, नंतर वाद नको. घरकामालाही हेच लागू पडते.

यादी तरावीहनंतर करावी. पाच-सहा ओळी पुरेत. ‘असरच्या आधी’ अशी वेळ लिहावी. मोबाइलवर नको, यादी पाहायला म्हणून उघडलेला मोबाइल अर्धा तास खातो. आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावे.

खरी गोष्ट इथेच कळते. सहेरीला सर्वांना उठवणे, फळे चिरणे, भजी तळणे, भांडी घासणे : बहुतेक ओळींपुढे अम्मीचेच नाव येते. रोजा तिचाही असतो. तिच्या डोक्यातली यादी कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी वाटूनही घेत नाही. कागदावर आली, की फळे मुलाकडे आणि भांडी अब्बांकडे देता येतात. पैगंबर साहेब (स.) घरकामात हातभार लावत, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. मग आपल्याला कसला कमीपणा? गौरी-गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळात शेजारच्या काकूंची कथा वेगळी नसते.

घराचे ऑफिस होईल, असे काहींना वाटते. पण यादी जादा कामे कोंबण्यासाठी नसते, काढून टाकण्यासाठीही असते. चारऐवजी दोनच पदार्थ झाले तरी इफ्तार होतो. बाजारहाट पहिल्या पंधरवड्यात उरकली, तर शेवटच्या दहा रात्री इबादतीला मिळतात. फित्रा ईदच्या नमाजआधी द्यायचाच आहे. ती ओळ दोन-चार दिवस आधी लिहिली, तर घेणाऱ्यालाही ईदची तयारी करता येते.

आज रात्री वहीचे एक पान फाडा. पहिल्या कामापुढे अम्मीचे सोडून दुसऱ्या कुणाचे तरी नाव लिहा.