तारेचे मोल आणि कानाची साक्ष

२००७ साली अमेरिकेत ‘पेअर’ नावाच्या कंपनीच्या ‘अँजू’ या तारांची बरीच चर्चा झाली. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत न्यावयाच्या या तारांच्या १२ फुटी जोडीची किंमत ७,२५० डॉलर होती. अंधश्रद्धांचे परखड चिकित्सक आणि एके काळचे जादूगार जेम्स रँडी यांनी जाहीर केले की, या तारा आणि चांगल्या प्रतीच्या सामान्य तारा यांतील फरक केवळ कानांनी ओळखून दाखवणाऱ्यास त्यांची संस्था दहा लाख डॉलर देईल. आव्हान स्वीकारण्याच्या घोषणा झाल्या, अटींवरून वाद झाले. परंतु चाचणी अखेर झालीच नाही. 

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा छंद आहे. चळवळीतल्या माणसाने त्यात डोके का घालावे? हरकत वरवर रास्त वाटते. तथापि या क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न लख्खपणे पुढे येतो. मालाचा गुण ग्राहकाला स्वतः पारखता येत नसेल, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? आणि सिद्ध न करताच जो दाम उकळला जातो, त्याचे समर्थन कोणत्या न्यायाने करावयाचे?

प्रथम तारेला न्याय दिला पाहिजे. तारेचा ध्वनीवर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे चूक आहे. प्रत्येक तार विजेच्या प्रवाहाला थोडाफार रोध करते. तार जितकी बारीक व लांब, तितका रोध अधिक. घराच्या वायरिंगमध्ये वापरतात तशी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावरच्या स्पीकरला जोडली, तर जाऊन-येऊन दहा मीटरचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा रोध आठ ओहम धरला, तर तारेत वाया जाणारे व्होल्टेज एक टक्क्याहूनही कमी असते. ही घट कानाला जाणवण्याच्या पलीकडची आहे. उलट ०.२ चौरस मिलिमीटरची केसासारखी तार वापरली, तर रोध बारापट होतो. आवाज किंचित खाली येतो आणि स्पीकरचा रोध सर्व स्वरांना सारखा नसल्यामुळे त्याचा पोतही थोडा बदलू शकतो. तात्पर्य, पुरेशी जाड तार घ्यावी. पण हा सल्ला काही रुपयांत पाळता येतो. शुद्ध केलेल्या, प्राणवायुरहित तांब्याचा बडेजाव सांगितला जातो. त्याच्या आणि नेहमीच्या विद्युत-तांब्याच्या वाहकतेत फार तर एक टक्क्याच्या आसपास अंतर असते. चांदी तांब्याहून सहा-सात टक्क्यांनी सरस आहे. तेवढा लाभ तांब्याची तार थोडी जाड घेतली की मिळतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने ऑगस्ट १९८३ च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी घेतलेल्या चाचणीचा वृत्तान्त छापला. ३० फूट लांबीच्या तीन तारा तुलनेला होत्या : त्या काळी नव्यानेच गाजत असलेली ‘मॉन्स्टर’ केबल, टेबलावरच्या दिव्याला लावतात तशी १६ गेजची साधी तार, आणि २४ गेजची बारीक तार. कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांना कळू दिलेले नव्हते. बारीक तार वेगळी पडली. विज्ञान तेच सांगत होते. पण संगीत ऐकताना ‘मॉन्स्टर’ केबल आणि दिव्याची तार यांतला फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही.

यानंतरची कहाणी अधिकच मनोरंजक आहे. २००८ साली ‘डेनॉन’ कंपनीने दीड मीटर लांबीची, संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात त्या जातीची एक केबल सुमारे ५०० डॉलरला विकावयास काढली. अशा केबलमधून शून्य आणि एक हे अंक जातात. ते जसेच्या तसे पोचले की तिचे काम संपते. अंक अधिक मधुर होऊन पोचत नाहीत. वीजपुरवठ्याच्या तारेची गोष्ट याहून नवलाची. विद्युत केंद्रातून निघालेली वीज शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून, रोहित्रांतून, गल्लीतल्या खांबांवरून आणि भिंतीतल्या वायरिंगमधून येते. आणि शेवटच्या दोन मीटरांत सोन्याचा मुलामा दिलेली तार लावली की गाण्यात प्राण येतो, असे ग्राहकाला सांगितले जाते! जे गाणे ऐकावयाचे, तेही ध्वनिमुद्रणशाळेत मायक्रोफोनच्या साध्या, लांबलचक तारांतूनच आलेले असते, याचा विसर पडतो.

मग महागडी तार घेणाऱ्याला खरोखर फरक ऐकू येतो, तो कसा? तो खोटे बोलतो असे समजण्याचे कारण नाही. २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ८२ जणांना सौम्य विजेचे झटके देऊन वेदनाशामक म्हणून एक गोळी देण्यात आली. गोळीत औषध नव्हतेच. निम्म्यांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, निम्म्यांना दहा सेंट. महाग गोळी घेतलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना वेदना कमी झाल्यासारखे वाटले, स्वस्त गोळी घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना. किंमत ही स्वतःच गुणाची साक्ष देऊ लागते आणि इंद्रिये त्या साक्षीला दुजोरा देतात.

डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा वस्तू व सेवांची चिकित्सा केली, ज्यांचा गुण वापरून झाल्यावरही ग्राहकाला नीट ठरवता येत नाही, विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. त्याहीपूर्वी, १८९९ साली थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी दाखवून दिले होते की, धनिक वर्गात उपभोग हा प्रतिष्ठेचे प्रदर्शन बनतो आणि तेथे महागपणा हाच वस्तूचा गुण ठरतो. तारेच्या व्यापारात या दोन्ही गोष्टींचा संगम झाला आहे. ज्याला फरक ऐकू येत नाही, त्याला सांगितले जाते की त्याचा कान तयार नाही, किंवा त्याची यंत्रे पुरेशी उंची नाहीत. म्हणजे शंका घेणाऱ्याच्या पदरी अडाणीपणाचा शिक्का, आणि तो पुसावयाचा तर आणखी खरेदी! वास्तविक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या खरखरणाऱ्या जुन्या तबकड्या चहाच्या दुकानाबाहेर उभे राहून ऐकणाऱ्यांचा कान कोणत्याही धनिकाच्या कानाहून उणा नव्हता.

या व्यापाराचे समर्थक म्हणतात, ज्याच्या पैशाने आनंद मिळतो त्याला मिळू द्यावा. घेणाऱ्याच्या आनंदाला कोणाची हरकत नाही; हरकत आहे ती विकणाऱ्याच्या दाव्याला. दागिना म्हणून तार विकावी. ती ध्वनी सुधारते असे म्हणून विकली, की ते विधान तपासण्याचा हक्क समाजाला प्राप्त होतो. दुसरा आक्षेप असा की, चाचणीच्या दडपणाखाली कान नीट काम करीत नाही. तसे असेल तर चाचणी घरी, सवडीने, महिनाभर घ्यावी. तारेचे नाव तेवढे झाकलेले असावे. विद्यापीठात परीक्षकापासून विद्यार्थ्याचे नाव लपवतात, ते परीक्षकाचा अपमान करण्यासाठी नव्हे. नाव कळले की भल्याभल्यांचा तोल जातो, हा अनुभव त्यामागे आहे.

आपल्या देशात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. परंतु कायद्याला तक्रार लागते, आणि तक्रारीला शंका घेणारा ग्राहक लागतो. तारेने फसलेला धनिक उपाशी राहणार नाही. मात्र हीच युक्ती घेऊन विक्रेता जेव्हा शक्तिवर्धक पेयाचा डबा आणि नामांकित कंपनीची गोळी हाती धरून कामगाराच्या दारी येतो, तेव्हा महिन्याच्या पगाराला कात्री लागते. तेच औषध साध्या नावाने स्वस्तात मिळत असताना, महागाचेच लागू पडते या समजुतीपायी कर्ज काढणारी कुटुंबे कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहेत. वस्तीतल्या ग्राहक मंडळाने एखाद्या रविवारी दोन पेयांची, दोन साबणांची, जमल्यास दोन तारांचीही नावे झाकून परीक्षा घ्यावी. तिला भांडवल लागत नाही, पदवी लागत नाही. तीत हमालाच्या जिभेचे मत आणि कारखानदाराच्या जिभेचे मत एकाच वजनाचे असते. अशी परीक्षा एकदा पाहिलेला माणूस पुढच्या दुकानात किंमत ऐकून दबणार नाही, पुरावा मागेल.