फोन बंद, वसुली चालू

आमच्या घरात टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एक नोकिया ११०० पडून आहे. हे मॉडेल २००३ साली बाजारात आलं, म्हणजे ते आणि मी एकाच वयाचे. डोक्यावर टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कीपॅड आणि तो सापाचा गेम. बदलापूर लोकलच्या गर्दीत हातातून निसटला तर काळजी फोनची नसायची, ज्याच्या पायावर पडला त्याची असायची. जगभरात या एकाच मॉडेलचे २५ कोटींच्या आसपास फोन विकले गेले.

मध्यंतरी बॅटरी मिळते का बघायला तो फोन मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका रिपेअरिंगच्या टपरीवर नेला. मिळाली, आणि फोन चालूही झाला. काउंटरवर सात-आठ फोन पोट उघडून ठेवलेले होते. विवो, ओप्पो, रेडमी, सॅमसंग. नोकिया एकच, माझा. बघायला गेलं तर ही एका साम्राज्याच्या अस्ताची साधीसोपी गोष्ट. पण तिचा दुसरा भाग त्या काउंटरवर दिसत नाही. तिथल्या चारही कंपन्यांनी नोकियाशी पेटंट परवान्याचे करार केलेले आहेत. फोन त्यांचे, दुकान त्यांचं, तरी त्यातला काही पैसा फिनलंडला जातो. नोकिया स्वतः आता मोबाइल बनवत नाही. नोकिया नावाने जे फोन २०१६ नंतर आले, ते एचएमडी नावाच्या वेगळ्या कंपनीने नाव भाड्याने घेऊन विकलेले.

मग नोकियाने नक्की काय विकलं होतं? सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टशी झालेला सौदा ५.४४ अब्ज युरोचा होता. त्यातले ३.७९ अब्ज फोनच्या धंद्याचे, म्हणजे कारखाने, डिझाइन आणि सुमारे ३२ हजार माणसं. उरलेले १.६५ अब्ज युरो होते पेटंटं दहा वर्षं वापरू देण्याचे. विकण्याचे नव्हे, नुसतं वापरू देण्याचे. पेटंटं नोकियाकडेच राहिली. म्हणजे घर विकलं, पण जमीन नावावर ठेवून तिचं भाडं वेगळं लावलं.

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना मात्र करवादात अडकला म्हणून या सौद्यात गेला नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद झाला आणि हजारो कामगार घरी बसले. अंबरनाथच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे रिक्षावाले अजून 'विम्को नाका' म्हणतात. ज्या काडेपेटीच्या कंपनीवरून हे नाव पडलं तिचा तिथला कारखाना केव्हाच बंद झाला, नाका राहिला. विम्कोच्या नाक्यावर निदान कुणी वसुली करत नाही.

ट्रोल की टोल?

'पेटंट ट्रोल' हा शब्द २००१ च्या सुमारास इंटेल कंपनीच्या एका वकिलाने रूढ केला. स्वतः काहीच न बनवता, पेटंटं जमवून, बनवणाऱ्यांवर दावे लावून पैसे काढणारे म्हणजे ट्रोल. (हाच वकील पुढे हजारो पेटंटं गोळा करणाऱ्या इंटेलेक्च्युअल व्हेंचर्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्यावर काय बोलायचं!) पाश्चात्त्य लोककथेत पुलाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारा राक्षस म्हणजे ट्रोल. मराठीत आपलं काम 'टोल'वर भागतं.

टोलचं उदाहरण इथे नेमकं बसतंही. ज्याने पदरचे पैसे घालून रस्ता बांधला, त्याने काही वर्षं टोल घेतला तर तक्रार कशी करणार? मोबाइलचं नेटवर्क उभारणाऱ्या तंत्रज्ञानात नोकिया आणि एरिक्सनने खरोखर आयुष्य घातलंय. आजही त्या नेटवर्कची यंत्रं बनवतात, संशोधनावर खर्च करतात. त्यांना सरसकट ट्रोल म्हणणं चुकीचं आहे, आणि या विषयावर बोलताना पहिली गफलत इथेच होते. प्रश्न सुरू होतो तो रस्ता बांधणारा बाजूला होऊन नाका तिसऱ्याच्या हातात जातो तेव्हा.

तसं झालंय. १ सप्टेंबर २०११ ला कॅनडाच्या मोसैद या कंपनीने नोकियाची सुमारे २००० पेटंटं असलेली एक कंपनी ताब्यात घेतली. नाव कोअर वायरलेस, पत्ता लक्झेंबर्गचा. करार असा की वसुलीतला साधारण एक तृतीयांश हिस्सा मोसैदचा, बाकीचा नोकिया आणि मायक्रोसॉफ्टचा. या कोअर वायरलेसने कधी एकही फोन बनवला नाही. तिने अ‍ॅपलवर अमेरिकेत दावे लावले. डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅपलने उलट आरोप केला की नोकियाच अशा कंपन्यांना पुढे करून जास्त पैसे उकळतेय, आणि त्याच सुमारास नोकियाने अ‍ॅपलवर अनेक देशांत खटले भरले. मे २०१७ मध्ये दोघांत समझोता झाला आणि नोकियाच्या हिशेबात एकरकमी १.७ अब्ज युरो आले. एवढे पैसे कमावायला ११०० चे किती डबे विकावे लागले असते, हा हिशेब तुम्हीच करा.

ब्लॅकबेरीची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. २००६ मध्ये एनटीपी या फोन न बनवणाऱ्या कंपनीने तिच्याकडून ६१.२५ कोटी डॉलर घेतले. तेव्हा ब्लॅकबेरी म्हणजे बडं प्रस्थ, सेवाच बंद पडेल या भीतीने तिने पैसे दिले. २०२३ मध्ये तिने स्वतःची सुमारे ३२ हजार पेटंटं आणि पेटंट-अर्ज मलिकी इनोव्हेशन्सला विकले. या मलिकीचा धंदा काय, तर पेटंटमधून पैसे काढणं. एकेकाळी जिच्याकडून वसुली झाली, तिच्याच घरातून पुढच्या वसुलीचा माल निघाला. कंपनी मेली की तिचे फोन भंगारात जातात, पण पेटंटं अर्ज केल्यापासून वीस वर्षं जिवंत असतात. घसरणीला लागलेल्या कंपनीकडे विकण्यासारखं शेवटचं तेच उरतं, आणि घ्यायला गिऱ्हाईक तयार असतं.

आपल्या खिशातले शंभर रुपये

भारतात यातलं मोठं प्रकरण एरिक्सनचं. या कंपनीने फोनचा धंदा आधी सोनीबरोबर भागीदारीत घातला आणि मग पूर्ण सोडला. २०१३ मध्ये तिने दिल्ली हायकोर्टात मायक्रोमॅक्सवर दावा लावला, पुढे इंटेक्स आणि लाव्हावरही. मायक्रोमॅक्सच्या प्रकरणात २०१४ मध्ये ठरलेले अंतरिम दर फोनच्या प्रकाराप्रमाणे साधारण ०.८ ते १.३ टक्के होते. कशाचे टक्के? चिपच्या किमतीचे नाही, अख्ख्या फोनच्या विक्रीकिमतीचे. एक टक्का धरला तर दहा हजारांच्या फोनमागे शंभर रुपये. आणि हा एकच पेटंटधारक. एका फोनमध्ये अशा अनेकांची पेटंटं असतात.

मला स्वतःला हा मुद्दा पटत नाही. तीच चिप पाच हजारांच्या फोनमध्ये घातली की पन्नास रुपये आणि पन्नास हजारांच्या फोनमध्ये घातली की पाचशे? रिक्षावाल्याने अंतर सोडून तुमच्या बॅगेत काय आहे त्यावर भाडं सांगावं, तसं झालं हे. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की नेटवर्कच नसेल तर पन्नास हजारांच्या फोनची किंमत काचेच्या तुकड्याएवढी. तेही अगदीच खोटं नाही. दिल्ली हायकोर्टाचा कल पेटंटधारकांकडे राहिलाय. २८ मार्च २०२४ ला कोर्टाने लाव्हाला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, नोकियाच्या दाव्यात ओप्पोला निकालाआधीच पैसे भरायला लावले. ओप्पोच्या एकूण विक्रीतला भारताचा वाटा २३ टक्के धरला आणि जुन्या करारात ओप्पोने जी रक्कम दिली होती तिच्या तेवढ्या टक्क्यांचा आकडा ठरवला. जानेवारी २०२४ मध्ये दोघांचा करार झाला.

भारतीय ब्रँड पेटंटांमुळे बुडाले असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फोरजी आलं, चिनी कंपन्या स्वस्त आणि चांगले फोन घेऊन आल्या, आपले मागे पडले. स्वतःचं संशोधन नसलेल्या कंपनीकडे वाटाघाटीत बदल्यात द्यायला स्वतःची पेटंटंही नसतात, एवढाच त्याचा इथे संबंध.

कस्टममधला कंटेनर

मोठ्या कंपन्या वकील लावतात, लढतात किंवा मिटवतात. लहान माणसाचं काय? उल्हासनगरला 'मेड इन यूएसए' म्हणून हसायची आपल्याला सवय आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक तुमच्या वडिलांनीही मारला असेल. नक्कल करणाऱ्याला आपण पटकन नावं ठेवतो, आणि ती ठेवावीतही. पण जो काहीच न बनवता बनवणाऱ्याला अडवतो, त्याच्यावर अजून एकही जोक निघालेला नाही.

असं अडवणं मुंबईत झालंय. आपल्या फोनवर, चार्जरवर बारीक अक्षरं-नंबर असतात, त्यातले बरेच लेझरने कोरलेले असतात. लेझर मार्किंगचं पेटंट असलेल्या मुंबईतल्या एका माणसाने कस्टमकडे तक्रारी नोंदवल्या की असा आयात माल आपल्या पेटंटचा भंग करतो. तेव्हाच्या, २००७ च्या नियमांप्रमाणे कस्टम माल रोखू शकत असे. एलजी कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि जुलै २०१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की पेटंटचा भंग झाला की नाही हे कस्टमने आपल्या मनाने ठरवायचं नाही, ते कोर्टाचं काम आहे. मदुराईच्या एका पेटंटधारकाने तर दोन सिमच्या फोनवरच हक्क सांगितला होता. त्याच्या तक्रारीवरूनही आयात फोन अडले. त्याचं पेटंट २०१२ मध्ये अपील मंडळाने रद्द केलं.

कागदावर न्याय झाला. पण बंदरात अडकलेल्या कंटेनरला दिवसागणिक डेमरेज लागतं. एलजीला ते परवडतं. एका कंटेनरमध्ये सगळं भांडवल गुंतवलेल्या व्यापाऱ्याला, किंवा बाहेरून एखादा सुटा भाग मागवणाऱ्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला नाही. दावा खरा की खोटा हे कळेपर्यंत थांबण्यापेक्षा पैसे देऊन मोकळं होणं त्याला स्वस्त पडतं. ट्रोलचा धंदा याच हिशेबावर चालतो. सरकारने कस्टमच्या त्या नियमांतून पेटंट हा शब्द काढला तो थेट जून २०१८ मध्ये.

आपल्या कायद्यात एक साधा प्रश्न मात्र आधीपासून आहे: तुमचं पेटंट तुम्ही देशात वापरता का? पेटंटधारकाने फॉर्म २७ भरून याचं उत्तर द्यायचं असतं. हा फॉर्म किती कामाचा आहे ते मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात दिसलं. बायर कंपनीच्या कॅन्सरच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ते औषध देशात किती कमी रुग्णांपर्यंत पोचतं हे ठरवताना बायरने याच फॉर्ममध्ये भरलेले आकडे विचारात घेतले गेले, आणि नॅटको या भारतीय कंपनीला ते महिन्याला ८,८०० रुपयांत विकायची सक्तीची परवानगी मिळाली.

बहुतेक कंपन्या हा फॉर्म भरतच नव्हत्या किंवा अर्धवट भरत होत्या. कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१५ मध्ये त्यासाठी दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका केली. मार्च २०२४ मध्ये सरकारने नियम बदलले, पण दुसऱ्याच दिशेने. पूर्वी हा फॉर्म दरवर्षी भरावा लागायचा, आता तीन वर्षांतून एकदा. पेटंटमधून किती कमाई झाली तो रकानाही आता फॉर्मवर नाही.