हॉलंडचा 'कच्चा' हेरिंग मासा खावा का?

जूनमध्ये नेदरलँड्सला गेलात तर मासे विकणाऱ्या गाड्यांभोवती गर्दी दिसेल. बारीक चिरलेला कांदा लावलेला मासा शेपटीला धरायचा, मान मागे टाकायची आणि वरून तोंडात सोडायचा! हा हंगामातला नवा हेरिंग. मुलगा-सून तिकडे राहणारे पेशंट निघण्यापूर्वी विचारतात, "डॉक्टर, कच्चा मासा चालेल का?"

माझ्या मते बहुतेकांना चालेल. पण तो का चालतो, हे मात्र नीट समजून घ्या.

हा मासा शिजवलेला नसतो, तरी अगदी कच्चाही नसतो. त्याचे कल्ले आणि आतडी काढतात, स्वादुपिंड मात्र मुद्दाम ठेवतात. मग मीठ लावून मुरवतात. स्वादुपिंडातील एन्झाइम्समुळे मांस मऊ आणि चविष्ट होते.

एवढ्याने तो सुरक्षित होतो का? नाही. हेरिंगमध्ये ॲनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. जिवंत अळी पोटात गेली की ती जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात घुसते. काही तासांतच पोटात जबरदस्त कळा, मळमळ, उलट्या सुरू होतात. अनेकदा एंडोस्कोपी करून अळी बाहेर काढावी लागते. १९६० मध्ये डच डॉक्टरांनीच, कमी मिठातला हेरिंग खाल्लेल्या रुग्णांमध्ये हा आजार ओळखला. १९६८ पासून तिथे हेरिंग किमान २४ तास उणे २० अंश सेल्सिअसला गोठवणे कायद्याने बंधनकारक झाले आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

म्हणजे परंपरा तगली ती फ्रीजरमुळे. कांदा, लिंबू, व्हिनेगर किंवा सोबतची दारू या अळ्यांना मारत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितले तरी! म्हणून तिकडे खाल्ला, काही झाले नाही, आता इथल्या बाजारातला बांगडा तसाच खाऊन बघू, हा प्रयोग कृपया करू नका. आपला मासा शिजवण्यासाठी विकला जातो. तो अशा प्रकारे गोठवलेला असेलच असे नाही. घरच्या फ्रीजरवरही विसंबू नका, बहुतेक फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपासच असतात.

गोठवल्याने अळ्या मरतात, सगळे जिवाणू नव्हे. लिस्टेरिया तर थंडीत टिकून राहतो. त्यामुळे गरोदर स्त्रिया, केमोथेरपी घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेले यांनी तो खाऊ नये असेच मी सांगेन. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ लक्षात घेऊन चवीपुरता घ्यावा.

खाल्ल्यावर पोटात तीव्र कळा आल्या, तर डॉक्टरांना काय आणि कधी खाल्ले ते आधी सांगा.