सुईदोरा : इस्त्रीने बसते, इस्त्रीनेच मोडते



एकदा जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीतल्या एका मुलीचा पांढरा चुणीदार स्कर्ट माझ्याकडे शिवायला होता. शिवून झाला आणि घाईघाईत मी त्यावर सुती कपड्याची कडक इस्त्री फिरवली. बघता बघता चुण्या सपाट झाल्या, दोन जागी कापड चकाकून कडक झाले. कापडाचे पैसे मी भरून दिले. पण पोरीचा उतरलेला चेहरा कशाने भरून देणार? तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते.

पॉलिएस्टरचा धागा उष्णतेने मऊ होतो आणि थंड होताना ज्या घडीत असेल ती घडी धरून ठेवतो. म्हणून कापड कागदी साच्यात दाबून तापवतात आणि मगच बाहेर काढतात. अशा चुण्या धुतल्या तरी जात नाहीत. सुती कापडाला हा गुण नाही, पाणी लागले की त्याची घडी मोडते. पण जी उष्णता घडी बसवते, तीच जास्त झाली तर घडी मोडतेही. माझी चूक तिथेच झाली.

कापड कशाचे आहे हे आधी पाहा. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मुलांना दूर ठेवा.

एकीला एक लागून चुण्या हव्या असतील तर कापड तिप्पट लागते. कंबर २४ इंच असेल तर ७२ इंच, वर शिलाईचे वेगळे. गिऱ्हाइकाला हा हिशेब आधीच सांगा.

कारागिराकडून चुण्या घालून घ्यायच्या असतील तर तळ आधी दुमडून शिवा. जपानचे वस्त्रकार इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ हे कपडे काढले. त्यात अंगाच्या अडीच-तीनपट मोठा पोशाख आधी शिवून मग चुण्या घालतात.

तयार चुणीदार कापड कापताना चुण्या ताणू नका. कापायच्या रेषेलगत आधी कच्चा टाका घाला. धागा पॉलिएस्टरचाच वापरा. कपडा थंड पाण्यात धुवा, पिळू नका. क्रश ओढणी दोरीसारखा पीळ देऊन ठेवा. इस्त्री लागलीच तर मंद, वर फडके ठेवून, आणि आधी चिंधीवर करून पाहा.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले. त्या शिकवणुकीला महाग कापड लागत नाही. हातातले कापड ओळखून शिवले की पुरे. आणि ज्या बहिणीची चूल शिलाईवर चालते, तिला तर एक इस्त्रीही चुकून परवडत नाही.

जय भीम!