तापाचा पहिला दिवस

मुंबई-आग्रा रस्त्यावरील, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी साऱ्या खानदेशात ख्यातनाम असलेल्या सोनगीरसारख्या गावी लहान मुलाला ताप येऊन अंगावर पुरळ उठले, की वडीलधारी मंडळी गोवराचे निदान करून मोकळी होतात. आणि पुष्कळदा ताप साध्या विषाणूचाच निघत असल्याने त्यांचे फारसे बिघडतही नाही. परंतु डोळे चिपडांवाचून लाल, ओठ फुटलेले, हातपाय सुजलेले आणि दंडावरील बीसीजीचा जुना व्रण अकस्मात लालबुंद झालेला, अशा लक्षणांसह ताप पाच दिवस हटला नाही, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा, म्हणजे टोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली ५० बालकांवरून वर्णिलेल्या व्याधीचा, संशय आलाच पाहिजे.

हिचे खरे भय हृदयाच्या धमन्या फुगण्याचे. उपचाराविना सुमारे २५ टक्के मुलांत ते घडते; पहिल्या १० दिवसांत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येते. हे औषधही कोणास पुरे पडणार नाही, याचा अदमास घेण्यासाठी कोबायाशी व सहकाऱ्यांनी २००६ साली जपानात गुणांची एक पद्धत बसविली: घटलेले सोडियम, यकृताचे वाढलेले विकर, सीआरपी, न्यूट्रोफिल, प्लेटलेट, शिवाय मुलाचे वय आणि उपचार सुरू झाला तो आजाराचा दिवस. जपानबाहेर ती तितकी खरी उतरली नाही, म्हणून गुण कमी भरले एवढ्यावर निर्धास्त होणे मला घातक वाटते. पण तिच्यातील दिवसाचे महत्त्व मात्र सर्वत्र सारखेच आहे. प्रारंभी सामान्य असलेल्या प्लेटलेट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरमसाट वाढतात. ईएसआर तर इम्युनोग्लोब्युलिननेच चढतो. दिवस ठाऊक नसेल, तर असल्या आकड्यांचा अर्थ लावायचा कसा?

आणि नेमकी हीच नोंद आपल्याकडे मोघम असते. गावच्या दवाखान्यातील केसपेपरवर ‘ताप ४ दिवस’ असे लिहिले जाते, मूल धुळ्याला रवाना होते, तिथे तीच ओळ जशीच्या तशी उतरवली जाते, आणि आजाराचा सहावा दिवस दप्तरी चौथाच राहतो. दिवसांच्या संख्येऐवजी ताप सुरू झाल्याची तारीखच लिहिण्याची सक्ती आरोग्य खात्याने करावी. तिला छदामही लागत नाही. आईला तारीख सांगता आली नाही, तर ताप बाजाराच्या आधी आला की नंतर, एवढे विचारावे. ते तिला अचूक सांगता येते.